स्त्री-कामोद्दीपक औषधे

स्त्रीची कामेच्छा किंवा समागमातील शारीरिक उद्दीपन वाढावे म्हणून दिली जाणारी औषधे. इच्छा आधी की उद्दीपन, हा वाद जुना आहे. लैंगिकतेचे अमेरिकी संशोधक मास्टर्स व जॉन्सन यांच्या १९६६ मधील मांडणीत सुरुवात उद्दीपनापासून होते, इच्छेला वेगळी पायरी नाही. रोझमेरी बॅसन यांच्या २००० च्या सुमाराच्या वर्तुळाकार प्रतिमानात जवळिकीतून उद्दीपन आणि त्यातून इच्छा जागते. दीर्घ सहजीवनातील स्त्रियांना हेच अधिक लागू पडते असे दिसते. सिल्डेनाफिलच्या (व्हायाग्रा) स्त्रियांवरील चाचण्या २००४ मध्ये थांबल्या त्याही याच गुंत्यात: जननेंद्रियांतला रक्तपुरवठा वाढला, तरी मनाला ओढ वाटेलच असे नव्हते.

फ्लिबॅन्सेरिन मुळात नैराश्यावर योजलेले. अमेरिकेत २०१५ मध्ये रजोनिवृत्तिपूर्व स्त्रियांतील इच्छान्यूनतेसाठी त्याला मान्यता मिळाली. १०० मिग्रॅ. ची गोळी रोज झोपतानाच घ्यायची. दिवसा घेतल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. माडी असो वा दारू, एकदोन पेले घेतले असतील तर दोन तास थांबावे, जास्त झाली तर त्या रात्री गोळी टाळावी. योनीच्या बुरशीवर सर्रास दिले जाणारे फ्लुकोनाझोल सोबत चालत नाही, त्याने रक्तातले फ्लिबॅन्सेरिनचे प्रमाण बेसुमार चढते. लाभ माफक: महिन्याला समाधानकारक समागमाचे सरासरी अर्धा ते एक प्रसंग जास्त. आठ आठवड्यांत फरक नसल्यास बंद करावी.

ब्रेमेलॅनोटाइड (अमेरिकेत मान्यता २०१९) गरजेपुरते, निदान ४५ मिनिटे आधी, मांडीत वा पोटाच्या त्वचेखाली १.७५ मिग्रॅ. टोचतात. सुमारे ४० टक्के स्त्रियांना मळमळते. आटोक्यात नसलेल्या रक्तदाबात वर्ज्य. सावळ्या त्वचेवर चेहरा, हिरड्या, स्तन काळवंडण्याचा संभव अधिक. रजोनिवृत्तीनंतर अल्पमात्र टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) देतात. पुरुषांच्या मात्रेने आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो.

कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळ होते. फळ उकलले की काळपट बीवर लालभडक जायपत्रीची जाळी दिसते. त्याची कामोद्दीपक म्हणून ख्याती आहे, पण प्रयोग प्रामुख्याने नर उंदरांवरचे. वाजीकरणाचा, म्हणजे आयुर्वेदातील कामशक्तिवर्धनाचा, शास्त्रग्रंथांतील विचारही पुरुषकेंद्री. चरकसंहिता तर स्त्रीलाच श्रेष्ठ वाजीकरण म्हणते. जायफळ सहाणेवर चार वेढे उगाळणे वेगळे. एकदोन अख्खी जायफळे खाल्ल्यास उलट्या, धडधड व भ्रम होतो.

योनीचा कोरडेपणा, समागमातील वेदना, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार किंवा नैराश्यावरील गोळ्या ही कारणे आधी तपासावीत. कोरडेपणावर घरचे खोबरेल वापरले जाते. ते लॅटेक्सच्या निरोधाला झिजवते, म्हणून निरोधासोबत पाण्यावर आधारित वंगणच घ्यावे.