ऍक्सेस पॉइंट बसवून झाला, आता दहा मिनिटं सेटिंगला द्या

आमचा माणूस येऊन ऍक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा बॉक्स, बसवून जातो, फोनला फुल रेंज दिसते, व्हिडिओ न अडकता चालतो, मग सेटिंगचं पान परत कोण उघडतंय. पण नंतर जे फोन येतात त्यात निम्मा घोळ एकाच गोष्टीचा असतो, की पासवर्ड दोन असतात हेच माहीत नसतं.

एक वायफायला जोडायचा, तो आपण पाहुण्यांनाही सांगतो. दुसरा बॉक्सच्या सेटिंगमध्ये शिरायचा, म्हणजे ऍडमिन पासवर्ड. बऱ्याच मॉडेलला तो कंपनीतून येताना नुसता 'ऍडमिन' असतो आणि मॅन्युअल नेटवर कुणालाही मिळतं, म्हणजे तुमच्या वायफायवर आलेला कुणीपण आत जाऊन तुम्हालाच बाहेर काढू शकतो. तर आधी तो बदला.

आत जायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाकून बघा, नाही उघडलं तर तळाच्या स्टिकरवर पत्ता दिलेला असतो. आणि हे सगळं लॅपटॉपला लॅन केबल लावूनच करा बरं का, कारण वायफायवरून केलं तर सेव्ह दाबल्या दाबल्या आपलंच कनेक्शन जातं आणि नवीन पासवर्ड टाकताना एखादं अक्षर चुकलं असेल तर मग बसा शोधत.

वायरलेस सिक्युरिटीत एक लिस्ट उघडते आणि तिथं भलतीच नावं दिसतात, ही सगळी वायफायला लावायच्या कुलपांची नावं. डब्ल्यूईपी १९९७ चं, २००१ लाच त्याची अंडीपिल्ली बाहेर आली, आज ते काही मिनिटांत उघडतं, त्यामुळे असून नसल्यासारखं. २००३ चं डब्ल्यूपीए म्हणजे जुन्याच मशीनवर चालावी म्हणून घाईत केलेली मलमपट्टी, त्यात टीकेआयपी नावाची डेटा गुपित करायची जुनी पद्धत असते. २००४ ला डब्ल्यूपीए-२ आलं एईएस ही जास्त पक्की पद्धत घेऊन, आणि २०१८ ला डब्ल्यूपीए-३. घरातलं सगळं नवीन असेल तर सरळ डब्ल्यूपीए-३ लावा, नाहीतर डब्ल्यूपीए-२ आणि ३ मिक्स. जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग कधीकधी मिक्सवर पण अडून बसतो, तेव्हा डब्ल्यूपीए-२ एईएस, पण त्याच्या खाली उतरू नका.

खाली उतरून आम्ही स्वतःच फसलोय. एका ऑफिसात जुना प्रिंटर जोडला जाईना म्हणून टीकेआयपी लावून दिलं, प्रिंटर चालला, आणि दुसऱ्या दिवसापासून नेट स्लोची तक्रार. केबल बदलली, चॅनेल बदलले, बॉक्सची जागा हलवली, शेवटी लॅपटॉपवर लिंक स्पीड उघडून बघितला तर ५४ एमबीपीएस, जागचा हलेना. टीकेआयपी असलं की ८०२.११एन आणि त्यापुढच्या, म्हणजे नव्या पिढ्यांच्या वायफायचे वेग मिळतच नाहीत. एईएस केलं, लगेच सुटलं, प्रिंटरला मात्र केबल लावावी लागली.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. मोबाईल नंबर ठेवूच नका. डब्ल्यूपीए-२ मध्ये फोन जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती बाहेरचा कुणी हवेतून पकडून घेऊन जातो आणि घरी बसून निवांत अंदाज लावत बसतो, चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो अंदाज तपासतं, त्यापुढे दहा आकडे किती टिकणार. डब्ल्यूपीए-३ मध्ये असं घरी नेऊन फोडता येत नाही, दर अंदाजाला बॉक्सलाच विचारावं लागतं. एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द घ्या, खुर्ची-ढग-एकवीस-चप्पल असे, इंग्रजी अक्षरांत, म्हणजे टीव्हीच्या रिमोटवर पण टाईप होतील. (हेच चार नका ठेवू आता.)

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन जोडायची सोय, बंद करा. आठ आकडी पिन ऐकायला भारी वाटतो, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो आणि बॉक्स पिन दोन तुकड्यांत तपासतो, म्हणून जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत मिळतो. हे २०११ लाच उघड झालंय.

नेटवर्कचं नाव लपवणं, मॅक फिल्टर (प्रत्येक मशीनचा मॅक नावाचा ओळख नंबर बघूनच आत घेणं) वगैरे करायचं तर करा, पण साधं सॉफ्टवेअर पण ते हवेतून वाचतं, आणि हल्लीचे फोन मॅक बदलत राहतात त्यामुळे घरचेच लोक अडकतात. त्यापेक्षा गेस्ट नेटवर्क चालू करा, पाहुणे आणि स्मार्ट बल्ब तिकडे, कॉम्प्युटर इकडे. फर्मवेअर, म्हणजे बॉक्सच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याचं अपडेट आलं असेल तर घ्या आणि बाहेरून मॅनेज करायचं रिमोट ऑप्शन बंद ठेवा.

पासवर्ड बदलल्यावर फोन जोडत नसेल तर आधी फोनमध्ये ते नेटवर्क 'फर्गेट' करून परत जोडा. तरीही अडलं तर आम्हाला मॉडेल नंबरसाठी स्टिकरचा फोटो पाठवा, फक्त त्यावर छापलेल्या पासवर्डच्या ओळीवर अंगठा ठेवून काढा. आम्हाला तो लागत नाही, आणि आमच्या नावानं फोन करून कुणी मागितला तर सांगू नका.