ओव्हरियन ड्रिलिंगनंतरचे अ‍ॅढेजन्स

पीसीओएस या हार्मोन्सच्या आजारात ओव्हरीतून अंडं वेळेवर बाहेर पडत नाही आणि गोळ्या घेऊनही दिवस राहत नाहीत, तेव्हा कधीकधी दुर्बिणीतून ओव्हरीला डाग देऊन (भाजून) बारीक छिद्रं पाडतात, त्याला ओव्हरियन ड्रिलिंग म्हणतात. त्यानंतर ओव्हरी ट्यूबला, आतड्याला किंवा ओटीपोटाच्या भिंतीला चिकटली तर मधे तयार होणारे पडदे आणि पट्टे म्हणजे अ‍ॅढेजन्स.

हा त्रास जुनाच आहे. 1935 मध्ये स्टाइन आणि लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी पीसीओएस हा आजार मांडला तेव्हा पोट उघडून ओव्हरीची पाचर कापून काढायचे, पाळी सुरू व्हायची पण ओव्हरी इतकी चिकटायची की मूल न होण्याचं नवंच कारण उभं राहायचं, म्हणून अंडं बाहेर पडायला मदत करणाऱ्या क्लोमिफेनच्या गोळ्या आल्यावर ते ऑपरेशन मागे पडलं. 1984 मध्ये नॉर्वेच्या यॉनेस यांनी दुर्बिणीतून डाग देण्याचा अनुभव छापला. चिकटणं कमी झालं, पण संपलं नाही.

होतं काय, तर भाजलेल्या जागी द्रव झिरपतो आणि काही तासांत फायब्रिनची (रक्त गोठताना होणाऱ्या धाग्यांची) जाळी धरते. एरवी शरीर ती काही दिवसांत विरघळवून टाकतं, पण जळालेल्या जागी रक्तपुरवठा आणि विरघळवण्याची ताकद दोन्ही कमी, मग त्या जाळीत पेशी शिरतात, रक्तवाहिन्याही येतात आणि पट्टा कायमचा होतो. ट्यूबच्या टोकाची झालर ओव्हरीवरून फिरून अंडं उचलते, तिथे सेलोफेनसारखा पातळ पडदा आला तरी अंडं फुटूनही ट्यूबमध्ये पोचत नाही, हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण ऑपरेशन तर त्या अंड्यासाठीच केलेलं असतं.

प्रमाण किती, यावर अभ्यासांचे आकडे एकमेकांपासून खूप लांब आहेत, कारण खात्री करायला पुन्हा दुर्बीण घालावी लागते. सोनोग्राफीत पातळ पडदे दिसत नाहीत, आणि ट्यूबच्या एक्स-रेत ट्यूब उघडी दिसली तरी बाहेरून चिकटलेली असू शकते. दिलासा एवढाच की बहुतेक पडदे पातळ असतात आणि ते असूनही अनेकींना दिवस राहतात.

टाळायचं तर छिद्रं कमी, हे महत्त्वाचं. एका ओव्हरीला 4 छिद्रं, 4 मिमी खोल, 40 वॅट, प्रत्येकी 4 सेकंद असा हिशोब बरेच सर्जन धरतात. ओव्हरी आतड्यापासून उचलून धरायची, रक्त राहू द्यायचं नाही, शेवटी सलाईनने धुऊन थंड करायची. जास्त जाळलं तर अंड्यांचा साठाही घटतो. वरून सेल्युलोजचं कापड लावायचा प्रयोग 1993 मध्ये झाला, एका ओव्हरीला कापड आणि दुसरीला नाही, पण फारसा फरक दिसला नाही.

आता आधी लेट्रोझोल (अंडं बाहेर पडण्यासाठीच्या गोळ्या) देतात, ड्रिलिंग नंतर. आणि ड्रिलिंगनंतर पाळी नियमित होऊन, अंडं फुटत असूनही बरेच महिने दिवस राहिले नाहीत, तर नुसत्या गोळ्या वाढवत बसण्याआधी अ‍ॅढेजन्सची शंका घ्यायलाच हवी.