दारांखालचा पत्रा

एमजीबी ही दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ साली आली. १९८० च्या ऑक्टोबरमध्ये तिचा ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला, तोवर पाच लाखांवर गाड्या बनल्या होत्या. बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या. घरच्या गॅरेजमध्ये पूर्ण उघडून पुन्हा उभ्या केल्या जाणाऱ्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत तिचा नंबर फार वरचा आहे. कारण साधं आहे: रचना सोपी, आणि नटबोल्टपासून बॉनेटपर्यंत जवळजवळ सगळं आजही नवं मिळतं. ब्रिटिश मोटर हेरिटेजने तर १९८८ मध्ये मूळ साच्यांवरून तिची अख्खी बॉडीच नव्याने बनवायला घेतली.

अशी गाडी घ्यायला गेलेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडतो, इंजिन सुरू करून कान लावतो, रंगावरून हात फिरवतो. माझं म्हणणं, हे सगळं मागाहून. आधी गुडघ्यावर बसा आणि दारांच्या खालचा लांबट पत्रा तपासा. इंजिन काय, साखळी-कप्पी लावून बाहेर काढता येतं आणि दुरुस्तही होतं. तो पत्रा खाल्ला गेला असेल तर मात्र रंग कितीही चकचकीत असो, पुढच्या खर्चाला अंत नाही.

एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. बंद गाडीत फरशी, खांब आणि टप मिळून एक भक्कम पेटी तयार होते. उघड्या एमजीबीत टपच नाही. मग पुढची चाकं आणि मागची चाकं यांना एकमेकांशी ताठ धरून ठेवायचं काम मुख्यतः मधला बोगदा (फरशीतला, गिअरबॉक्सवरचा उंचवटा) आणि दोन दारांखालच्या पोकळ पेट्या यांच्यावर येतं. प्रत्येक पेटीत आतला पत्रा, मधला उभा पडदा, बाहेरचा पत्रा आणि तळाला कॅसल रेल नावाची पट्टी असते. सगळं एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या टाक्यांनी, जोडलेलं.

एक चाक खड्ड्यात गेलं की गाडी नुसती वाकत नाही, तिला पीळ बसतो. या पिळाचं शास्त्र घरबसल्या पाहता येतं. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून पाहा. ती दाद देत नाही. आता कटरने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ चीर द्या. पुठ्ठा तेवढाच आहे, वजनही तेवढंच. पण पुन्हा पिळलीत तर ती बिनतक्रार वळते आणि चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून पुढेमागे सरकताना दिसतात.

बंद नळीत पिळाचा ताण भिंतीतून गोल फिरत राहतो आणि नळीचा पूर्ण व्यास त्याच्याविरुद्ध उभा राहतो. चीर पडली की ही वाट तुटते, आणि विरोधाला उरते ती फक्त पत्र्याची जाडी. रुडॉल्फ ब्रेट या जर्मन अभियंत्याने १८९६ मध्ये बंद नळ्यांच्या पिळाचं सूत्र मांडलं. त्यावरून हिशेब केला तर १०० मिलिमीटर व्यासाची, १ मिलिमीटर पत्र्याची नळी चिरल्यावर पिळाला ७५०० पटींनी कमजोर होते. गाडीतली पेटी गोल नसते, तिची दोन्ही टोकं जखडलेली असतात आणि मध्ये पडदाही असतो, त्यामुळे प्रत्यक्षात घसरण इतकी भयंकर नसते. पण दिशा तीच.

गंज नेमकी ही चीर पाडतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या खोबणीत साचतो, ओल धरतो आणि पेटीच्या तोंडाशी मुक्काम करतो. लोखंड गंजणं ही विजेची क्रिया आहे. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि मधलं ओलसर पाणी परिपथ पूर्ण करतं. थंडीत ब्रिटनच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते पाण्यात मिसळलं की वीज आणखी सुखाने वाहते. दोन पत्र्यांच्या सांध्यात ऑक्सिजन कमी पोचतो, बाहेर भरपूर असतो. या फरकामुळे झीज बरोबर सांध्याच्या आत, जिथे डोळा आणि ब्रश दोन्ही पोचत नाहीत, तिथे होते. वर गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. तो आतून फुगतो, स्पॉट वेल्ड एकेक करून उकलतात, आणि तळाचा सांधा उघडतो. बाहेरून रंगाला दोन फोड तेवढे दिसतात.

दुरुस्तीत घाई करणारे इथेच फसतात. कुजलेला पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी नळी आडवी जोडावी लागते. नाहीतर पेटी कापताच गाडी मधोमध बसते, आणि नवा पत्रा त्याच बसलेल्या आकारात जोडला जातो. मग दार लागत नाही आणि ते कधीच नीट लागणार नसतं. म्हणून जाणकार एका वेळी एकच बाजू घेतात, दार वरचेवर लावून बघतात, फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे ना हे तपासतात आणि मगच पुढचा टाका मारतात. बाहेरचा पत्रा पुढच्या-मागच्या मडगार्डखाली शिरलेला असतो, त्यामुळे नीट काम करायचं तर मडगार्डचा खालचा भागही कापावा लागतो. तो खटाटोप टाळून कुजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवायचा, वर लांबी (पुट्टी) भरायची आणि रंग मारायचा, हा जुना धंदा आहे. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा; लांबीवर ते चिकटत नाही.

वेल्डिंगपूर्वी पत्रा पुसायला क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नका. वेल्डिंगच्या ज्वाळेत त्याचा फॉस्जीन होतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. पेट्रोलची टाकी उतरवायची असते हे वेगळं सांगायला नको.

इंजिनाकडे वळलं की आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकला परका प्रांत वाटणार नाही. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं, आणि आपल्या अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. दोन्हींचा जन्म शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातला. १९२१ मध्ये थॉमस मिजली याने इंजिनाची ठोकर (नॉकिंग) थांबवायला टेट्राएथिल लेड शोधलं, पण त्या शिशाचा एक आडफायदा होता: त्याच्या संयुगांचा पातळ थर धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह आणि तो ज्यावर टेकतो त्या बिडाच्या सीटमध्ये वंगणासारखा बसायचा. २००० साली ब्रिटन आणि भारत दोन्हीकडे ते पेट्रोल गेलं, आणि जावं हेच योग्य होतं. थर नसला की तापलेला वॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटतो, सुटताना लोखंडाचा कण उपटतो, आणि सीट हळूहळू खचते. फीलर गेज या पातळ पट्टीने टॅपेटची (वॉल्व्ह आणि त्याला दाबणारी दांडी यांच्यामधली) फट मोजताना ती दर वेळी कमीच भरत असेल, तर समजायचं की वॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात, वर सरकतोय. कायमचा उपाय एकच आहे: हेड लेथवाल्याकडे नेऊन कठीण पोलादाच्या सीट बसवून घेणं. एकदाचा खर्च.

आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने नवा प्रश्न आणलाय. ब्रिटनमध्ये २०२१ पासून १० टक्के, आपल्याकडे २०. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, भेगाळतात. त्या बदलून फ्लोरोइलास्टोमर या इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या घालाव्यात, कारण गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे थेट आग. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यायला हवं. संगणकवाली गाडी हे आपोआप करते. एमजीबीच्या, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या दोन एसयू कार्बोरेटरना ते हाताने सांगावं लागतं. पेट्रोल सोडणाऱ्या जेटखालचा षटकोनी नट एका वेळी एक पैलू फिरवायचा, मग कार्बोरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचलायचा आणि ऐकायचं. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर इंधन जास्त, इंजिन मरायला लागलं तर कमी. किंचित वाढून पुन्हा जागेवर आला तर बरोबर. नटाने पुरेना झालं तर जेटमधली निमुळती सुईच बदलावी लागते.

सुधारणा म्हणून सगळ्यांत स्वस्तात जास्त देणारी गोष्ट म्हणजे इग्निशनचे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, काढून हॉल सेन्सर बसवणं. ५४०० आरपीएमला हे पॉइंट सेकंदाला १८० वेळा उघडतात, ठिणग्यांनी जळतात, आणि त्यांची ०.३८ मिलिमीटरची फट बिघडत राहते. चुंबकाच्या हालचालीवर चालणाऱ्या सेन्सरला घासण्यासारखं काही नाही. मात्र साधारण १९६७ च्या अखेरपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. हे न बघता ऋण अर्थिंगसाठी बनवलेला सेन्सर लावला तर तो पहिल्याच चावीला जळतो.

ताकद वाढवायची हौस सगळ्यांना असते, ब्रेककडे बघायची कमी. दोन माणसांसह साधारण ११०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबली की ब्रेकमध्ये सुमारे ४२५ किलोज्यूल उष्णता जाते. सव्वा लिटरहून जास्त नळाचं पाणी त्यात उकळेल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. त्यातलं पाणी घाटात उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट फरशीला टेकतं. म्हणून नवं कार्बोरेटर घेण्याआधी नवं ब्रेक ऑइल आणि नव्या होज. १९७३ ते १९७६ मध्ये कंपनीने स्वतः बंद टपाच्या एमजीबीत ॲल्युमिनियमचं ३५२८ सीसीचं रोव्हर व्ही-८ इंजिन बसवून २५९१ गाड्या काढल्या, तेव्हा पुढच्या ब्रेकच्या डिस्क आधी जाड केल्या होत्या.

हा व्ही-८ घरी बसवण्याची इंग्लंडमध्ये मोठी परंपरा आहे. भारतात मात्र तो नाद परवडणार नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला असेल तर मिळत नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच.