ओव्हनमधलं रान : मंद आचेची पार्श्वभूमी

इंदूरच्या मराठी घरांत सध्या ‘स्लो रोस्ट’ म्हणून जे केलं जातं ते बहुतेक वेळा बकऱ्याचं रान, म्हणजे मागचा अख्खा पाय असतो, पण कृती असते गोमांसाच्या रोस्टची. दीड-दोन किलोच्या चरबीदार तुकड्यासाठी लिहिलेली, परदेशातल्या मोठ्या ओव्हनचा हिशोब धरलेली, इंटरनेटवरून उतरवून घेतलेली. मध्य प्रदेशात गोवंशहत्येला बंदी आहे. १९५९ चा कायदा होताच, २००४ मध्ये त्याहून कडक आला. तेव्हा मांस बदलणं ओघानेच आलं. मांस बदललं, आकडे मात्र तेच राहिले. रान चिवट झालं, कोरडं पडलं, नाहीतर पार लगदा झाला, अशा ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांचं मूळ बरंचसं इथे आहे.

मंद आच माळव्याला नवी नाही. चुलीच्या औलावर रात्रभर राहिलेली डाळ, उकडून मग गोवऱ्यांच्या आरात सरकवलेले कणकेचे बाफले, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून वरखाली आच देण्याची रीत, हे सगळं ओव्हनच्या कितीतरी आधीचं. संस्थानी स्वयंपाकघरांत शिकारीचं मांस असंच निवांत शिजे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली आणि त्या पाककृतींत बकरा आला. इंदूरच्या होळकरांच्या लालबाग राजवाड्याचा मुदपाकखाना खान नदीच्या पलीकडच्या काठावर होता आणि तिथून ताटं भुयारातून आणली जात. एवढी वाट चालून आल्यावरही जे खाण्याजोगं राहील तेच करायचं, असा विचार तिथल्या आचाऱ्यांनी केला असेल तर नवल नाही.

इंग्रजी पद्धतीचा रोस्ट या भागात छावणीबरोबर आला. होळकर आणि इंग्रज यांच्यातल्या १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूरजवळ महूला छावणी पडली, ग्वाल्हेरला मुरारची होती. हिंदुस्थानातल्या अशा छावण्यांत साहेबलोकांचे ‘मटण क्लब’ असत. चार घरं मिळून मेंढरं पाळत, त्यांना चणे चारून माजवत आणि दर खेपेला फरा, म्हणजे खांद्याचा भाग कुणाचा, रान कुणाचं हे पाळीने ठरे. चण्यावर पोसलेल्या त्या मेंढराला चरबी भरपूर असे. आपल्याकडच्या बकऱ्याला ती नसते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

मंद ओव्हनचा लेखी इतिहास सुरू होतो तो एका फसलेल्या प्रयोगापासून. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये गरिबांसाठी चालवलेल्या स्वयंपाकघरांवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाने बटाटे वाळवायचं एक यंत्र बनवलं होतं. त्यात मटण भाजता येईल का हे बघावं म्हणून त्याने मेंढराचा एक फरा आत ठेवला. तीन तास वाट पाहिली. मांस शिजायचं लक्षण दिसेना, तेव्हा वैतागून घरी निघून गेला. रात्र झालेली, म्हणून स्वयंपाकघरातल्या बायकांनी फरा तिथेच राहू दिला. सकाळी रांधायला म्हणून काढायला गेल्या तर तो शिजून तयार होता, आणि नुसता शिजलेला नव्हे, चवीलाही अप्रतिम. यंत्राखालचा विस्तव तर रात्रीच विझून गेला होता. त्या माणसाने हे सगळं स्वतःच लिहून ठेवलं आहे, स्वतःच्या वैतागासकट. श्रेय खरं तर त्या बायकांचं, पण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

हा धडा तिथेच रुजला असता तर पुढची भानगड झाली नसती. पण १८४७ साली एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं अन्नाच्या रसायनावरचं पुस्तक आलं आणि युरोपच्या स्वयंपाकघरांनी त्याचं मत उचललं. मत असं : मांसाला सुरुवातीलाच कडक आच दिली की बाहेरची प्रथिनं गोठून कवच तयार होतं, आणि ते कवच आतला रस बाहेर जाऊ देत नाही. त्याआधी बहुतेक आचारी उलटं करत. मांस विस्तवापासून लांब धरून हळूहळू शिजवायचं आणि शेवटी जवळ नेऊन लाल करायचं. या पुस्तकानंतर क्रम फिरला आणि ‘आधी रस कोंडा’ हे वाक्य पुढच्या पाककृतींत रूढ होऊन बसलं. या शास्त्रज्ञाच्या नावाने पुढे मांसाच्या अर्काची कंपनीही निघाली, म्हणजे रस बाहेर काढण्यातही नाव त्याचंच.

आपल्याकडे हे मत इतकं सहज मुरलं याचं कारण सरळ आहे. मटण आधी तेलात चांगलं परतून घ्यायचं, मग पाणी घालायचं, ही आपली जुनीच रीत. ती चवीसाठी आहे. कांदा, वाटण आणि मांस तळाला लागता लागता खमंग होतात, मसाल्याचा कच्चेपणा जातो. पण ‘परतून घेतलं की रस आत राहतो’ हे कारण तिला मागाहून चिकटलं आणि आता कुठल्याही काकूंना विचारा, त्या हेच सांगतील. रान ओव्हनमध्ये घालण्याआधी कढईत चारी बाजूंनी लाल करून घेण्याचा आग्रह त्यातूनच येतो. रान कढईत मावत नाही, पाय बाहेर लटकतो, तो धरून फिरवताना मनगटावर तेल उडतं, तरी आग्रह सुटत नाही.

कवच खरोखरच रस अडवत असतं तर तव्यावर ठेवलेलं मांस चर्र वाजायचं थांबलं असतं. ते वाजत राहतं, कारण रस बाहेर येतच राहतो आणि तापलेल्या तव्यावर त्याची वाफ होत राहते. भाजण्याच्या आधी आणि नंतर वजन करून पाहणारे प्रयोग १९३० च्या दशकात झाले. आधी लाल केलेल्या मांसाचा रस कमी गळतो, असं काही त्यात आढळलं नाही. त्याच दशकात टेक्सासच्या एका कृषी प्रयोग केंद्रात गोमांसाच्या जोडतुकड्यांवर काम झालं. एकाच जनावराच्या डाव्या-उजव्या बाजूचे तुकडे घेऊन एक १२५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवला आणि दुसरा २२५ च्या. हाडाजवळच्या चिवट भागांत मंद ओव्हनचं पारडं जड ठरलं. पुढे १९४३ च्या सुमारास तिथेच ८० अंशांपर्यंत उतरून पाहिलं. ज्या तुकड्यांना लाली जायला तीस तास किंवा त्याहून जास्त लागले ते हमखास मऊ निघाले.

यामागचं कारण आता चांगलं कळलेलं आहे. मांस चिवट राहतं ते कोलॅजन या तंतू जोडून धरणाऱ्या प्रथिनामुळे, आणि कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला नुसती उष्णता पुरत नाही, वेळ लागतो. साठ-पासष्ट अंशांना ते आक्रसतं, सत्तरीच्या पुढे सावकाश विरघळू लागतं. तंतूंतलं पाणी मात्र याच टप्प्यात पिळून निघत असतं. ओव्हन जितका कडक तितका बाहेरचा थर आतल्यापेक्षा पुढे पळतो, आणि आत कोलॅजन विरघळेपर्यंत बाहेर वाळून कोळसा झालेला असतो. मंद ओव्हनमध्ये हे अंतर कमी पडतं.

मग लाल कधी करायचं? या प्रश्नावर आजही दोन तट आहेत. आधीच्या बाजूने बोलण्यासारखं अगदीच काही नाही असं नाही. भांड्याच्या तळाला जी खरवड जमते तिचा रस्सा उत्तम होतो, आणि पृष्ठभागावरचे जंतू सुरुवातीलाच मरतात, हेही मंद ओव्हनच्या हिशोबात चांगलंच. पण चार तास फॉइलखाली वाफेत राहिल्यावर तो सगळा खमंग थर ओला होऊन लुळा पडतो आणि शेवटी पुन्हा वरची आच द्यावीच लागते. उलट शेवटी लाल करायचं ठरवलं तर फॉइल काढून, वरची ओल थोडी सुकू देऊन, २२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, आतलं मांस फारसं पुढे जात नाही. हा क्रम गेल्या वीसेक वर्षांत इंग्रजीत नवं नाव घेऊन परत आला आहे. १८४७ पूर्वीचे आचारी हेच करत होते.

इंदुरात हा वाद आजच्या स्वरूपात पोचायला मध्ये दोन गोष्टी आड आल्या. पहिली प्रेशर कुकर. १९५९ च्या सुमारास भारतात कुकर बनू लागले आणि कोलॅजनचा प्रश्न दाबाखाली, एकशेवीस अंशांच्या आसपास, पाऊण तासाच्या आत सुटला. औल गेला, निखारे गेले. आईसाहेबांच्या काळातलं ‘सकाळी चढवलेलं मटण’ शिट्ट्या मोजण्यावर आलं. गॅसची बचत झाली, नोकरी करणाऱ्या बाईचा वेळ वाचला, हे सगळं खरं. पण कुकरमध्ये अख्खं रान मावत नाही, आणि तुकडे केले की ते रान राहत नाही.

दुसरी गोष्ट वीज. साठ-सत्तरच्या दशकांपासून घरोघरी जो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला, त्यात केक व्हायचा, पण उष्णतामान राखणारी कळ त्याला नव्हती. घातलं की तापत राहायचा, वायर काढली की निवायचा. परदेशी ओव्हनला ही कळ पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेच लागली होती, ब्रिटनमधल्या गॅसच्या शेगड्यांना १९२३ पासून. आपल्याकडे ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आले तेव्हा कळ आली, पण मग पाच तास सलग वीज कुठून आणायची? नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली आणि पुढची दोन-तीन वर्षं मध्य प्रदेशाने अंधारात काढली. २००३ ची निवडणूक ‘बिजली-सडक-पानी’ या तीन शब्दांवर झाली. त्या काळात ओव्हनमध्ये मंद रोस्ट लावणं म्हणजे अर्धकच्चं मांस उबेला ठेवणं, आणि ते कुणी केलं नाही हे बरंच झालं. दिवसभर वीज टिकू लागल्यावरच हा पदार्थ घरात शिरला. २०२० च्या टाळेबंदीत तो पसरला, कारण पाच तास घरात बसून राहायला सगळेच मोकळे होते.

आता आकड्यांकडे. अमेरिकन कृतीत ‘२५०’ लिहिलेलं असतं ते फॅरनहाइट, म्हणजे जवळपास १२१ सेल्सिअस. आपल्या ओटीजीची कळ बहुधा १०० पासून २५० पर्यंत जाते. वाचणारा कळ सरळ टोकाला फिरवतो, आकडा जुळतो, शंका यायचं कारणच नसतं. दीड तासात वर कोळसा आणि आत रबर. दुसरी एक लोकप्रिय कृती आहे : ओव्हन ५०० फॅरनहाइटला तापवायचा, मांस थोडा वेळ भाजायचं, मग बंद करून दार न उघडता दोन तास तसंच राहू द्यायचं. ती कमी चरबीच्या गोमांसासाठी आणि उष्णता धरून ठेवणाऱ्या मोठ्या ओव्हनसाठी आहे, आणि तिचा शेवट गुलाबी, कापून खायच्या रोस्टमध्ये होतो. आपला तीस लिटरचा पत्र्याचा डबा एवढा वेळ तग धरत नाही. शिवाय गुलाबी मटण समोर ठेवलं तर आपल्या घरात पहिला प्रश्न येणार, “वहिनी, हे शिजलंय ना नक्की?” आपल्याला हवं असतं ते हाडापासून सुटणारं. त्यासाठी आत नव्वदीच्या आसपास जावं लागतं. दोन वेगळे पदार्थ एकाच ‘टेंडर रोस्ट’ या नावाखाली फिरत असतात आणि वेळांची सरमिसळ होते.

बकऱ्याची चरबी बरीचशी आतड्यांभोवती आणि मूत्रपिंडांभोवती साठते, स्नायूंच्या आत फारशी नसते. गोमांसाचा खांद्याचा तुकडा शिजताना आतूनच तुपासारखा ओलावत राहतो, रानाला ते जमत नाही. म्हणून उघडं ठेवून मंद भाजायची कृती इथे चालत नाही. घट्ट झाकण लागतं, खाली थोडं पाणी किंवा दह्याचा मसाला लागतो. सव्वा किलोच्या रानाला १४० अंशांवर झाकून साडेतीन-चार तास, असं साधारण गणित बसतं. दुसरं, तिकडचं गोमांस कापल्यानंतर दिवसच्या दिवस थंड ठेवून मुरवलेलं असतं. आपण सकाळी खाटकाकडून “भैया, रान साबुत रखना” म्हणून ताजं आणतो आणि दुपारी ओव्हनमध्ये घालतो. तेव्हा मांस ताठरलेलं असतं. आदल्या दिवशी आणून रात्रभर फ्रिजमध्ये मीठ-दह्यात ठेवलं तर ताठरपणा बराच उतरतो.

कच्च्या पपईचं काय, हा प्रश्न शेवटी उरतोच. तंदुरी आणि शीगच्या कृतींतून पपई रानात आली. तिथे आच कडक असल्यामुळे तिला फार वेळ मिळत नाही. पपईतलं पपेन, म्हणजे प्रथिनं तोडणारं द्रव्य, सर्वांत जोरात चालतं ते साठ-सत्तर अंशांना, आणि मंद ओव्हनमध्ये मांस नेमकं त्याच टप्प्यात रेंगाळतं. चमचाभर जास्त पडली तर वरचा बोटभर थर पिठासारखा होतो, धागा उरत नाही. मंद रान करायचं असेल तर पपई वगळावी. तिचं काम वेळच करणार असतो. पपई घालायचीच असेल तर ओव्हन कडक ठेवा आणि रानाऐवजी छोटे तुकडे घ्या.

इंदुरातल्या ज्या घरांत हे आता नियमाने होतं तिथे एक तडजोड रुळली आहे. तळाला जमलेला रस गाळायचा, वरची चरबी काढून त्यातच कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला परतायचा, आणि रान शेवटच्या आचेत लाल होईतो रस्सा उकळून घ्यायचा. रोस्ट म्हणून टेबलावर आलं तरी पोळी बुडवायला काहीतरी हवंच असतं, आणि परदेशी कृतीत त्याची सोय नव्हती.