भीती आणि धास्ती: उंदराच्या मेंदूतले दोन शेजारी

वाटेत साप आडवा आला की वाटते ती भीती. साप कुठे दिसत नाही, पण गवत गुडघाभर आहे आणि हातातली बॅटरी मंद होत चालली आहे, तेव्हा वाटते ती धास्ती. बोलण्यात आपण दोन्हीला भीतीच म्हणतो. छातीतली धडधडही सारखीच. मग फरक नुसता शब्दांचा, की मेंदूतही आहे?

याचं मला आवडलेलं उत्तर १९९७ सालच्या एका प्रयोगात आहे. डेव्हिड वॉकर आणि मायकल डेव्हिस या अमेरिकी संशोधकांनी तो उंदरांवर केला. (रॅट आणि माउस या दोघांनाही मराठीत उंदीरच म्हणतात, हा त्यातला मोठा.) मोजायचं होतं ते दचकणं. उंदराला छोट्या पिंजऱ्यात ठेवायचं, अचानक मोठा आवाज करायचा आणि पिंजऱ्याला बसलेला हादरा नोंदवायचा. आधीच घाबरलेला उंदीर जास्त जोरात दचकतो. भुताच्या गोष्टी रंगात आल्या असताना दार आपटलं की आपण उडतो, तसंच.

घाबरवायच्या तऱ्हा दोन. पहिलीत दिवा लागला की पायाला विजेचा झटका, असं काही वेळा करून उंदराला धडा दिलेला. नंतर झटका न देता नुसता दिवा लावला, तरी तेवढे काही सेकंद दचकणं वाढतं. दुसऱ्या तऱ्हेत धडा नाही, झटकाही नाही. फक्त लख्ख उजेड, मिनिटांमागून मिनिटं. उंदीर रात्री फिरणारा प्राणी. उघड्यावर उजेडात असणं म्हणजे कुणाच्या तरी नजरेत असणं. कोण, कधी झडप घालेल ते ठाऊक नाही. पहिली भीती, दुसरी धास्ती. गंमत अशी की दोन्हीकडे निमित्त दिव्याचंच.

मग मेंदूतल्या एकेका ठिकाणी, ग्लुटामेटचा (मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्या रसायनाचा) निरोप तात्पुरता अडवणारं औषध सोडलं. अमिग्डाला हा मेंदूत खोलवर असलेला, भीतीशी जोडला जाणारा भाग. त्याच्या मध्यवर्ती केंद्रकात (पेशींच्या पुंजक्यात) सोडलं, तर झटक्याच्या खुणेची भीती ओसरली. उजेडाची धास्ती तशीच राहिली. जवळच्याच ‘बेड न्यूक्लिअस ऑफ द स्ट्रिया टर्मिनॅलिस’मध्ये (नाव तोंडात बसत नाही, म्हणून बीएनएसटी) सोडलं, तर नेमकं उलटं झालं. अमिग्डालाच्याच बेसोलॅटरल भागात सोडल्यावर मात्र दोन्ही थांबलं. म्हणजे दोन्ही वाटा तिथूनच फुटतात.

इतकं चोख निघालं की पुढे ‘अमिग्डाला म्हणजे भीती, बीएनएसटी म्हणजे चिंता’ असं समीकरणच रूढ झालं. ते जरा जपूनच वापरावं. २०१३ साली अमेरिकी मेंदूसंशोधक कार्ल डायसेरॉथ यांच्या गटाने छोट्या उंदरांत दाखवलं की खुद्द बीएनएसटीतही एकमत नाही: त्याचा ओव्हल नावाचा भाग चिंता वाढवतो, शेजारचा भाग ती उतरवतो. अमिग्डालाही सरसकट घाबरवणारी नाही. २०११ साली संशोधिका के टाय आणि डायसेरॉथ यांनी तिच्यातला मज्जातंतूंचा एक धागा मेंदूत सोडलेल्या प्रकाशाने चेतवला, तर उंदीर चक्क धीट झाले. शिवाय भीतीचे अभ्यासक जोसेफ लेडू यांचा आक्षेप आहेच: दचकणं मोजता येतं, उंदराला काय ‘वाटलं’ ते नाही.

पण ठरलेल्या खुणेचा क्षणभराचा धोका आणि पत्ता नसलेला रेंगाळणारा धोका, हा भेद माणसांतही दिसला. संशोधक ख्रिस्तियां ग्रियों यांच्या प्रयोगांत अल्प्राझोलॅम या चिंतेवरच्या गोळीने झटका कधी बसेल याची धाकधूक कमी झाली. खूण दिसताच उसळणारी भीती मात्र हलली नाही. आणि उजेडाचं? आपण दिवसा वावरणारे, त्यामुळे ग्रियों यांनी दिवे मालवले तेव्हा लोक जास्त दचकले.