भाजीची आवडनावड

भाजीची आवडनावड म्हणजे एकाच भाजीवर एकाने दोन पोळ्या जास्त खाव्यात आणि शेजारी बसलेल्याच्या ती घशाखाली उतरू नये, असा एका ताटाशी बसलेल्या माणसांतला फरक. मराठीत ‘भाजी’ हा शब्द बाजारातल्या कच्च्या जुडीलाही लागतो आणि कढईतून उतरलेल्या पदार्थालाही. त्यामुळे ‘मला शेपू आवडत नाही’ असे कोणी म्हणाले, की त्याचे वैर शेपूशी आहे की घरच्या शेपूच्या भाजीशी, हे कळायला मार्ग नसतो. घरात या नावडीवर ‘नखरे’ असा एकच शिक्का बसतो आणि ‘पानात पडेल ते गपगुमान खावं’ हा एकच उपाय सांगितला जातो. प्रत्यक्षात कारल्याची नावड जिभेची, कोबीची लाळेची आणि नाकाची, भेंडीची स्पर्शाची, अळूची घशात टोचणाऱ्या सुयांची. या चार नावडींची कारणे एकमेकांशी फारशी संबंधित नाहीत.

ठाणे आणि नवी मुंबई

हा विषय एका ठिकाणी पाहायचा तर ठाणे-नवी मुंबईइतकी सोयीची जागा थोडी. तुर्भ्याला, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘वाशी मार्केट’ला, नाशिक, पुणे, साताऱ्याकडून रात्रभर भाजीचे ट्रक लागतात आणि मुंबई परिसरातल्या बहुतेक मंडयांना माल तिथूनच जातो. म्हणजे कच्ची भाजी सगळ्यांना जवळपास तीच मिळते. कढईत मात्र ती वेगवेगळी होते. घणसोली, दिवाळे, सारसोळे अशा गावठाणांतल्या आगरी-कोळी घरांत मुळ्यात, दुधीत, वांग्यात सुकट किंवा जवळा पडतो. कोपरखैरण्याला राहणाऱ्या, सातारा-सांगलीकडून आलेल्या माथाडी कामगारांच्या घरात त्याच भाजीला शेंगदाण्याचे कूट लागते, तळकोकणातून आलेल्यांकडे ओले खोबरे. ठाण्यात कोपरीच्या सिंधी घरांत कमळाचे देठ, त्यांच्या भाषेत ‘भें’, चवीने खातात. पलीकडच्या इमारतीतल्या कितीतरी मराठी घरांत तो कधी शिजलेलाच नसतो.

पावसाळा सुरू झाला की ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आणि स्थानकाच्या आसपास येऊरच्या पाड्यांवरच्या, मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात: शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी. त्या वाट्यांपुढून जाणाऱ्यांत दोन तट स्पष्ट दिसतात. एक जण शेवळे दिसताच पिशवी उघडतो आणि बरोबर काकडे, म्हणजे त्या भाजीत घालायची आंबट फळे, आहेत का म्हणून विचारतो. दुसरा ते काय आहे हेच विचारत नाही.

कडूपणा

‘कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच’ ही म्हण माणसांच्या स्वभावाबद्दल असली तरी कारल्याबद्दलही जवळजवळ खरी आहे. जवळजवळ म्हणायचे कारण, ते सगळ्यांना सारखेच कडू लागत नाही.

कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) माणसाच्या जिभेवर असतात. गोड चवीला एक जोडग्राही पुरतो. कडूला इतके लागतात, कारण वनस्पतींतली बरीच विषे कडू असतात आणि ती एकाच साच्याची नसतात. तान्हे मूल गोड थेंबाला ओठ चाटते आणि कडूला तोंड वाकडे करते, ते कोणी शिकवलेले नसते. या २५ ग्राहींच्या जनुकांत माणसागणिक बारीक फरक असतात.

त्यांतला सर्वांत अभ्यासलेला फरक योगायोगाने सापडला. १९३१ साली आर्थर फॉक्स हा अमेरिकी रसायनज्ञ ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत फिनाइलथायोकार्बमाइड, म्हणजे पीटीसी, हाताळत असताना त्याची पूड हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याच्या तोंडात कडू चव आली. फॉक्सला काहीच जाणवले नाही. पुढे युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ३० टक्के फॉक्ससारखे निघाले. विसाव्या शतकात भारतातल्या मानववंशशास्त्रज्ञांनीही जातीजमातींच्या पाहण्यांत रक्तगटांच्या जोडीने पीटीसीची चाचणी घेतली. यामागचे जनुक, टीएएस२आर३८, २००३ साली हाती लागले. ते सातव्या गुणसूत्रावर आहे.

पीटीसी कोणी खात नाही. पण त्याच्याशी रचनेने जुळणारी द्रव्ये कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी या कुळातल्या भाज्यांत तयार होतात. भाजी चिरली की पेशी फुटतात, आतले विकर (एन्झाइम) ग्लुकोसिनोलेट नावाच्या गंधकयुक्त द्रव्यांवर काम करते आणि तिखट-कडसर द्रव्ये सुटतात. ज्याचे जनुक पीटीसी कडू लागणाऱ्यांचे त्याला कोवळा मुळाही झोंबतो. कारल्याला मात्र हा हिशेब लावता येत नाही. त्याचा कडूपणा मोमॉर्डिसिनसारख्या निराळ्या द्रव्यांचा, आणि ती ओळखणारे ग्राहीही निराळे. म्हणून मुळ्यापुढे हात टेकणारा माणूस कारले मिटक्या मारत खातो, यात विसंगती काही नाही.

कडूपणा मारायचे घरगुती उपाय रसायनाला धरून आहेत. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवले की कडू रस सुटतो, तो पिळून टाकतात. मिठाचे दुसरे काम जिभेवर होते. ब्रेस्लिन आणि ब्यूशॅम्प या संशोधकांनी १९९७ साली दाखवले, की मिठातला सोडियम कडू चव दाबतो आणि ती दबल्यामुळे मागची गोडी वर येते. आगरी घरातल्या मुळ्यात सुकट पडते तेव्हा खारटपणा आणि उमामी, म्हणजे मासळी-मटणाच्या रश्शातली भरीव चव, दोन्ही एकदम येतात. त्या घरात वाढलेल्या मुलाला ‘मुळा कडू लागतो’ ही तक्रार समजतच नाही, आणि यात जनुकाचा वाटा किती व सुकटीचा किती हे कोणी मोजलेले नाही.

इथे शब्दांचा एक गमतीदार घोळ आहे. आयुर्वेदाच्या सहा रसांतला ‘कटु’ म्हणजे आपला तिखट. आपल्या कडूला तिथे ‘तिक्त’ म्हणतात. मराठीने ‘कटु’चा ‘कडू’ केला आणि अर्थ मात्र बदलून टाकला.

नाक आणि लाळ

ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. नाक चोंदले की कोथिंबीर आणि शेपू यांत फारसा फरक राहत नाही.

कोथिंबिरीचा वास मुख्यतः अल्डिहाइड गटातल्या द्रव्यांचा असतो. तशीच द्रव्ये साबणात आणि काही ढेकण्या किड्यांच्या स्रावातही आढळतात. कोथिंबीर साबणासारखी लागते म्हणणाऱ्यांत ओआर६ए२ या गंधग्राहीच्या जनुकाजवळ एक फरक जास्त आढळतो, असे २०१२ साली दिसून आले. त्याच वर्षी कॅनडात तरुणांची पाहणी झाली. तीत पूर्व आशियाई वंशाच्या २१ टक्के लोकांना कोथिंबीर आवडत नव्हती, दक्षिण आशियाई वंशाच्या फक्त ७ टक्क्यांना. जिथे भाजीवाला कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट टाकतो तिथल्या लोकांचा आकडा कमी यावा, हे साहजिक. त्या ७ टक्क्यांतल्या कोणाला ठाण्यात जेवायला बोलावले तर चटणी वाढून पाहावी: पाने वाटली की त्यांतलीच विकरे अल्डिहाइडांचा काही भाग मोडतात आणि वास मवाळ होतो.

कोबी-फ्लॉवरचे प्रकरण अधिक विचित्र आहे. शिजवताना आणि चावताना त्यांतून गंधकयुक्त वायू सुटतात. सकाळी बंद केलेला फ्लॉवरचा डबा दुपारी उघडला की आसपासच्यांना ते सांगावे लागत नाही. पण तोंडात किती वायू सुटेल हे खाणाऱ्याच्या लाळेतल्या जिवाणूंवरही ठरते. ऑस्ट्रेलियात ६ ते ८ वर्षांच्या ९८ मुलांची आणि त्यांच्या पालकांची लाळ कच्च्या फ्लॉवरमध्ये मिसळून पाहिली गेली. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ज्या मुलांच्या लाळेतून हे वायू जास्त सुटले त्यांनाच त्या भाज्या जास्त नकोशा होत्या. मुलाची आणि पालकाची लाळ बरीचशी सारखी निघाली, तरी मोठ्यांत नावडीशी हा संबंध दिसला नाही. म्हणजे ‘मी खातो, मग तुला काय होतं?’ असे विचारणाऱ्या बापाच्या तोंडातही बहुधा तोच वास सुटत असतो. त्याला त्याची सवय झालेली असते.

बिटाची तक्रार ‘मातीसारखं लागतं’ अशी असते, ती शब्दशः बरोबर आहे. बिटात जिओस्मिन असते, आणि पहिल्या पावसात मातीला येणाऱ्या वासातही तेच असते. माणसाचे नाक ते अत्यल्प प्रमाणातही पकडते. अंगणात हवाहवासा वाटणारा हा वास कोशिंबिरीत नको होतो.

बुळबुळ आणि खाज

भेंडीच्या तारा म्हणजे पाण्यात फुगणारी बहुशर्करा, साखरेच्या रेणूंची लांब साखळी. चव जवळजवळ नाहीच. नावड आहे ती जिभेवरच्या स्पर्शाची. म्हणून भेंडी धुऊन, पुसून मग चिरायची, झाकण ठेवायचे नाही आणि वरून आमसूल, लिंबू किंवा ताक घालायचे. आंबटाने तार तुटते. एवढे केले की हीच भेंडी कित्येक घरांत मुलांची सर्वांत लाडकी भाजी ठरते.

अळू, सुरण आणि शेवळे एका कुळातली. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते जिभेत, घशात टोचतात. शेवळे म्हणजे पाने येण्याआधी, पावसाच्या तोंडावर जमिनीतून वर येणारा फुलोरा. साफ करताना आतला खाजरा पिवळा भाग काढून टाकतात आणि भाजीत काकड नावाच्या झाडाच्या आंबट फळांचा रस किंवा चिंच घालतात. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत ती कोलंबी किंवा खिम्यात घालून वर्षातून दोनचारदा होते, आणि त्या दिवशी जेवायला कोणाला बोलवायचे यावर चर्चा होते. ज्याच्या पहिल्या शेवळ्यात काकडे कमी पडली तो मात्र आयुष्यभर त्या वाट्यांपुढून सरळ निघून जातो.

याला कारण आहे. खाल्ल्यावर त्रास झाला की मेंदू त्या चवीशी एका फटक्यात वैर धरतो. १९५५ साली जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर हे दाखवले: गोड पाणी पाजून किरणोत्साराने आजारी पाडलेले उंदीर पुढे त्या पाण्याला तोंड लावीनात. माणसांतही उलटी झालेल्या दिवशीची भाजी, तिचा दोष असो वा नसो, वर्षानुवर्षे ताटाबाहेर राहते. वांग्यावर असे आळ फार येतात.

घर आणि सणवार

इंग्लंड-वेल्समधल्या ३ वर्षांच्या जुळ्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात भाज्यांच्या आवडीतला ५४ टक्के फरक आनुवंशिक निघाला. हा आकडा त्या मुलांच्या गटाचा आहे. एखाद्या मुलाची निम्मी नावड रक्तातून आली, असा त्याचा अर्थ होत नाही. २ ते ६ या वयात नव्या पदार्थाची भीती सर्वांत तीव्र असते, आणि तीच भाजी थोडीथोडी, बळजबरी न करता, आठ-दहा वेळा किंवा अधिक समोर आली की बहुतेक मुलांत ती ओसरते. घरातल्या मोठ्यांचा धीर साधारण तिसऱ्या वेळेला संपतो.

सवय त्याही आधी सुरू होते. जूली मेनेला या संशोधिकेने २००१ साली दाखवले, की आईने गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेतला असेल तर बाळ पुढे गाजराच्या चवीची पेज कमी कुरकुर करत घेते. त्याआधी १९९१ साली लसणाबद्दल असेच काही दिसले होते: आईने लसूण खाल्ला की दुधाला वास येतो आणि बाळ अधिक वेळ पिते. बाळंतिणीच्या ताटात लसणाची चटणी वाढणाऱ्या आज्यांना दूध वाढण्याशी मतलब होता, बाळाच्या जिभेशी नव्हे.

पंचांगही आवडीत हात घालते. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, कांदा-वांग्याचा शेवट करायचा, चातुर्मास पाळायचा आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे पुन्हा सुरू करायचे. इतके दिवस न मिळालेले वांगे त्या दिवशी नावडत्यालाही बरे लागते. ऋषिपंचमीची आणि भोगीची भाजी तर अनेक भाज्यांची मिसळ. तिच्यातून नावडती फोड वेचून काढायला गेले की टोकले जाते. पाडव्याला कडुनिंब चावायचा, नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला लावायचे, हे कडूचे संस्कार वर्षातून दोनदा होतात. त्यांनी कारले आवडू लागल्याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. कडव्या वालांचे उलट आहे: भिजवून, मोड आणून, सोलून केलेले बिरडे ठाणे-रायगडकडच्या घरांत अभिमानाचा विषय असतो आणि त्यातली किंचित कडवट चव गेली तर तक्रार होते.

ऐकावी अशी नावड

काकडी आणि दुधी यांच्या कुळात क्युकर्बिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांत ती नगण्य असतात, पण एखाद्या फळात वाढतात. दिसण्यावरून असे फळ ओळखता येत नाही. कडू दुधीचा रस प्यायल्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावल्याच्या घटना भारतात घडल्या आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही, साखर किंवा आवळा घालूनही जात नाही. म्हणून दुधी चिरण्याआधी देठाकडची चकती कापून जिभेला लावून पाहतात आणि कडू लागली तर चूळ भरून अख्खा दुधी टाकून देतात.