काउंटडाउन आधी पडद्यावर, मग तळावर

रॉकेट सुटण्याआधीची दहा, नऊ, आठ ही उलटी मोजणी आता रॉकेटपुरती राहिलेली नाही. नववर्षाच्या मध्यरात्री, शर्यतीच्या सुरुवातीला, मुलांच्या खेळात ती सगळीकडे ऐकू येते. ती रॉकेटशास्त्राने जगाला दिली, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती एका मूकपटात आधी दिसली.

१५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘फ्राउ इम मोन्ड’, म्हणजे ‘चंद्रावरची स्त्री’, हा चित्रपट झळकला. चित्रपटाला आवाज नव्हता, म्हणून उड्डाणाआधीचे आकडे पडद्यावर लिहून दाखवले होते. एक, दोन, तीन असं मोजत गेलं तर यान नेमकं कधी उडणार हे प्रेक्षकाला कळणार नाही. शून्याकडे मोजत आलं की तो क्षण पक्का होतो, असं त्यामागचं कारण लांगने पुढे सांगितलं. गरज नाट्याची होती, पण युक्ती खऱ्या उड्डाणतळावरही चपखल बसली. शेकडो माणसांची कामं एका क्षणाशी जुळवायची असतील, तर वेळापत्रक त्या क्षणापासून मागेच मोजावं लागतं. इंधन कधी भरायचं, कोणती झडप कधी तपासायची, माणसांनी तळ कधी रिकामा करायचा, सगळं ‘उड्डाणाला इतके तास बाकी’ या हिशेबात. काही बिघडलं तर घड्याळ तिथेच थांबवून धरायचं. यातलं शेवटच्या दहा सेकंदांचं पाठांतर तेवढं आपल्या वाट्याला आलं.

या चित्रपटाचा सल्लागार होता हर्मन ओबर्थ. त्याचा रॉकेटवरचा प्रबंध विद्यापीठाने स्वीकारला नव्हता. १९२३ मध्ये त्याने तोच विषय पुस्तकरूपात काढला आणि जर्मनीत अवकाशप्रवासाची लाट आली. चित्रपटात टप्प्याटप्प्याने गळून पडणारं रॉकेट आहे, उड्डाणाचा दाब सोसण्यासाठी आडवे झोपलेले प्रवासी आहेत, प्रचंड शेडमधून उभंच्या उभं बाहेर आणलेलं यान आहे. चाळीस वर्षांनी माणसांना चंद्रावर नेणारं अपोलोचं रॉकेट असंच उभं बाहेर आलं. प्रसिद्धीसाठी खरंखुरं रॉकेटही उडवायचं असं ठरलं होतं आणि ते काम ओबर्थकडेच होतं. ते वेळेत झालं नाही. प्रसिद्धी विभागाच्या तारखेला इंजिन तयार नसणं ही रॉकेटच्या इतिहासातली फार जुनी परंपरा आहे.

कल्पना आधी आणि गणित नंतर, हा क्रम त्याही आधीचा. फ्रेंच कादंबरीकार जूल व्हर्नने १८६५ मध्ये आपली माणसं तोफेतून चंद्राकडे पाठवली. तोफ सुमारे २७० मीटर लांब, वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या आसपास. वेग बरोबर आहे, पण तेवढ्या अंतरात तो गाठायचा तर गुरुत्वाकर्षणाच्या २० हजार पटींहून जास्त त्वरण सोसावं लागेल. प्रवाशांचा लगदा होईल. व्हर्न वाचून वेडावलेल्या पिढीने ही चूक पकडली आणि म्हणूनच ती रॉकेटकडे वळली. रशियात बहिऱ्या शाळामास्तर कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्स्कीने १९०३ मध्ये रॉकेटचं मूलभूत समीकरण छापलं: अंतिम वेग मागे फेकल्या जाणाऱ्या वायूच्या वेगावर आणि भरलेल्या व रिकाम्या रॉकेटच्या वजनांच्या प्रमाणावर ठरतो. अमेरिकेत रॉबर्ट गोडार्डला सतराव्या वर्षी चेरीच्या झाडावर चढलेला असताना मंगळावर जाण्याचं स्वप्न पडलं. त्याआधी त्याने इंग्रज लेखक एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या आक्रमणाची कादंबरी वाचली होती. १६ मार्च १९२६ रोजी त्याचं द्रव इंधनावरचं पहिलं रॉकेट अडीच सेकंद उडालं आणि साधारण १२ मीटर उंच गेलं.

वर्तमानपत्रांनी मात्र त्याची टवाळी केली. १९२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या अग्रलेखाने सुनावलं, की पोकळीत रेटा द्यायला मागे काही नसतं, हे या प्राध्यापकाला कळत नाही. रॉकेट हवेला नव्हे, स्वतःच्याच वायूला रेटतं, हे अग्रलेख लिहिणाऱ्याला कळत नव्हतं. त्या वृत्तपत्राने दुरुस्ती छापली १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर गोडार्डला जाऊन जवळपास २४ वर्षं झाली होती.

या गमतीजमतींत एक काळं पान आहे आणि ते वगळून हा इतिहास सांगता येत नाही. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी जर्मनीतल्या पेनेम्युंड येथून जे व्ही-२ रॉकेट पहिल्यांदा यशस्वी झालं, त्यावर लांगच्या चित्रपटाचं चिन्ह रंगवलेलं होतं. लहानपणी चंद्राची स्वप्नं पाहिलेली तीच मंडळी आता लंडन आणि अँटवर्पवर पडणारं अस्त्र बनवत होती, आणि ते तयार करताना छळछावणीतले हजारो कैदी मेले. या रॉकेट बनवणाऱ्या मंडळींचा प्रमुख वेर्नहर फॉन ब्राउन युद्धानंतर अमेरिकेत गेला आणि दहा वर्षांत तिथल्या दिवाणखान्यात पोचला. ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात १९५२ पासून त्याची अवकाशस्थानकाची लेखमाला आली, सोबत चेस्ली बोनस्टेलची चित्रं. मार्च १९५५ मध्ये वॉल्ट डिस्नेच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो स्वतः रॉकेटचा नमुना घेऊन उभा राहिला. लोकांना अवकाश हवंसं वाटलं पाहिजे, तरच सरकार पैसे देईल, हे त्याला नेमकं उमगलं होतं. पहिला उपग्रह तेव्हा अजून दोन वर्षं दूर होता.

पैसे मागण्याच्या याच गरजेतून पुढे ‘अवकाशाने घराला काय दिलं’ ही यादी फोफावली आणि तिच्यात भलतंच बरंच शिरलं. न चिकटणाऱ्या तव्याचा टेफ्लॉन रॉय प्लंकेटला १९३८ मध्ये योगायोगाने सापडला. तेव्हा नासाच नव्हती, ती १९५८ ची. वेल्क्रो हे जॉर्ज द मेस्त्राल या स्विस माणसाचं काम, कुत्र्याच्या केसांत अडकलेले काटेरी बोंड पाहून सुचलेलं. टँग हे पेय १९५९ पासून बाजारात होतंच. १९६२ मध्ये ते अंतराळवीर जॉन ग्लेनसोबत कक्षेत गेलं आणि जाहिरातदारांचं फावलं.

पेनाची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकलेली: अमेरिकेने अवकाशात चालणारं पेन बनवायला लाखो डॉलर उधळले, रशियनांनी पेन्सिल वापरली. खरं तर आधी दोघेही पेन्सिलच वापरत. नासाने १९६५ मध्ये ३४ पेन्सिली प्रत्येकी सुमारे १२९ डॉलरला घेतल्या आणि त्यावरून ओरड झाली. शिशाची टोकं मोडून तरंगणंही धोक्याचं. दाबाखालच्या शाईचं पेन पॉल फिशरने स्वतःच्या खर्चाने बनवलं, नासाने १९६७ मध्ये सुमारे ४०० घेतली आणि १९६९ मध्ये रशियनांनीही त्याच्याकडूनच १००. तरी जुनीच गोष्ट फिरत राहते; शहाणा शेजारी आणि उधळ्या श्रीमंत ही जोडी खोडून काढणं कठीण.

ज्याचा उपयोग दिवसभर होतो ते या यादीत क्वचितच ठळक असतं. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक या पहिल्या उपग्रहाची टिकटिक रेडिओवर ऐकताना मेरीलँडच्या एका प्रयोगशाळेतल्या विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांच्या लक्षात आलं, की उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना त्याच्या रेडिओ संकेताची कंप्रता बदलते, त्यावरून त्याची कक्षा काढता येते. पुढच्या वर्षी त्यांच्या वरिष्ठाने, फ्रँक मॅक्लूरने, प्रश्न उलटा केला: उपग्रहाची कक्षा माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? समुद्रातल्या पाणबुड्यांना स्वतःचं ठिकाण कळावं, ही त्यामागची गरज होती. त्यातून ट्रान्झिट ही प्रणाली आली आणि १९७८ पासून जीपीएसचे उपग्रह वर जाऊ लागले. त्यांच्यावरची घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो, म्हणून ती आधीच जुळवून ठेवावी लागतात. सामान्य वापरासाठीचा संकेत अमेरिकी लष्कर मुद्दाम ढोबळ ठेवत असे. मे २००० मध्ये ते थांबलं आणि गाडीतलं वाट दाखवणारं यंत्र भरवशाचं झालं.

फोनमधल्या कॅमेऱ्याचंही तसंच. १९९० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि सहकाऱ्यांना यानांसाठी लहान, कमी वीज खाणारे कॅमेरे हवे होते. त्यांनी घडवलेला सीमॉस संवेदक, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारी चिप, फोननिर्मात्यांनी उचलला. अवकाशयानं मात्र सीसीडी या जुन्या प्रकारच्या संवेदकावरच बराच काळ टिकून राहिली, आणि २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या बग्गीचे कॅमेरेही सीसीडीचेच होते.